रक्त गेलं कुठे?

मांजराचा वरचा ओठ अंगठ्याने अलगद वर सारून हिरडी बघायची, हे काम दहा सेकंदांचं आहे. तरी मांजर पाळणाऱ्या फार थोड्या घरांत ते होतं. हिरडी गुलाबी असली तर प्रश्न नाही. (काही मांजरांच्या हिरड्यांवर काळे ठिपके असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही.) हिरडी पांढरीफटक दिसली, तर मात्र ‘उद्या बघू’ म्हणू नये. पांढऱ्यावर पिवळी झाक असली, तर तशीच्या तशी रिक्षा करून दवाखाना गाठावा.

मांजर दुखणं अंगावर काढतं. कुत्रं कण्हतं, पायाशी घुटमळतं. मांजर कपाटावर जाऊन बसतं आणि घरातली माणसं म्हणतात, “हल्ली शांत झालीय हो.” रक्त हळूहळू उतरत गेलं, तर निम्म्याहून कमी रक्तावरही मांजर निभावून नेतं. उड्या कमी करतं, झोप वाढवतं. मग एक दिवस ते तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसतं आणि सगळ्यांना वाटतं, आजार आजच झाला.

ठकीचं असंच झालं. ठकी एरंडवण्यातल्या एका काकूंची. काकूंनी सारा जन्म शाळेत गणित शिकवलं. ठकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर पावसात सापडलेली, तीन रंगांची, दोन वर्षांची. पहिली खूण विचित्र होती. ठकी बाल्कनीतल्या भिंतीचा गिलावा चाटायला लागली, मग कुंडीतली माती खायला लागली. “कॅल्शियम कमी असेल,” शेजारून सल्ला आला. रक्त कमी झालेली मांजरं भिंत, फरशी, माती, शी-शूच्या ट्रेमधली वाळू असं काहीही चाटतात, खातात. ही खूण डॉक्टरांना माहीत असते, आपल्याला नसते. पुढच्या काही दिवसांत ठकी पाण्याच्या भांड्यापर्यंत जाताना वाटेत बसायला लागली, तेव्हा काकूंनी तिला पिशवीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

तिथे बारीक काचेच्या नळीत रक्ताचे दोन-चार थेंब घेऊन ती नळी यंत्रात गरगर फिरवली. तांबड्या पेशी एका टोकाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. एकूण उंचीत तांबड्याचा वाटा शेकडा किती, तो आकडा म्हणजे पीसीव्ही. निरोगी मांजरात तो साधारण ३० ते ४५ असतो, २४च्या खाली गेला की रक्तक्षय. ठकीचा ११ होता. मग दुसरी चाचणी झाली, करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी पाहिली तसल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून. दहा मिनिटांत तिच्यावर नको ती खूण उमटली. फेलाइन ल्युकेमिया, पॉझिटिव्ह.

काकूंनी विचारलं, “किती दिवस?”

डॉक्टर तरुण होता. म्हणाला, “काकू, ते नंतर. आधी रक्त गेलं कुठे ते शोधू.”

या लेखासाठी पुण्या-मुंबईतल्या मांजरवाल्यांशी आणि डॉक्टरांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की घरातले सगळे पहिला प्रश्न विचारतात, काही डॉक्टर लगेच त्याचं उत्तर देतात, आणि दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. ल्युकेमियाचा विषाणू अंगात आहे आणि रक्तही कमी आहे, म्हणजे रक्त विषाणूनेच खाल्लं, असं धरून चालतात. ते दर वेळी खरं नसतं. जिथे खरं नसतं, तिथे वाचू शकणारं मांजर जातं.

विषाणूची हकिकत ग्लासगोची आहे. तिथल्या पशुवैद्यक महाविद्यालयातले विल्यम जॅरेट यांच्याकडे एकाच घरातल्या अनेक मांजरांना लागोपाठ लिंफोमा झाल्याचं प्रकरण आलं. एका छपराखालच्या, रक्ताच्या नात्याबाहेरच्या जिवांना एकच कर्करोग होतो, म्हणजे काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जात असलं पाहिजे. जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हा विषाणू दाखवून दिला. १९७० मध्ये अशा विषाणूंचं, म्हणजे रेट्रोव्हायरसांचं, खास हत्यार, आपला आरएनए उलटा लिहून डीएनए बनवणारं एन्झाइम, सापडलं. टेमिन आणि बाल्टिमोर यांना त्यासाठी १९७५चं नोबेल मिळालं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम हार्डी यांनी हा रोग मांजराकडून मांजराकडे पसरतो हे सिद्ध केलं आणि तो रक्तात ओळखण्याची चाचणीही हाताशी आली. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एड्सचं कोडं पडलं, तेव्हा त्यामागे रेट्रोव्हायरस असावा असा संशय आधी घेणाऱ्यांत हार्वर्डचे मॅक्स एसेक्स होते. त्यांची आधीची बरीच वर्षं मांजरांच्या ल्युकेमियात गेली होती. पहिली लस १९८५ मध्ये अमेरिकेत आली. म्हणजे माणसाच्या एचआयव्हीची ओळख पटते न पटते तोच मांजरांच्या रेट्रोव्हायरसवर लस तयार होती. माणसं अजून वाट बघताहेत.

हा विषाणू लाळेतून पसरतो. दोन मांजरं एकमेकांना तासन्‌तास चाटतात, एका ताटलीत खातात, तेवढं त्याला पुरतं. चावण्यातून जातो, आईच्या दुधातून जातो, पोटातल्या पिल्लालाही होतो. अंगाबाहेर मात्र तो अगदी लेचापेचा. वाळला की काही तासांत संपतो, साबणाच्या पाण्याने मरतो. माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही. सोसायटीच्या सभेत “लहान मुलं आहेत हो बिल्डिंगमध्ये” असं कुणी म्हणालं, तर हे ठामपणे सांगावं.

लागण झालेलं प्रत्येक मांजर मरत नाही. काहींचं शरीर विषाणूला दारातच अडवतं. काहींमध्ये तो रक्तातून हटतो, पण हाडांच्या मज्जेतल्या पेशींच्या डीएनएत दबा धरून राहतो आणि क्वचित पुन्हा डोकं काढतो. उरलेल्यांत तो वाढतच जातो, आणि खरी चिंता त्यांची. त्यांना निदानानंतर साधारण दोन-अडीच ते तीन वर्षं मिळतात. कुणाला महिने मिळतात, कुणाला त्याहून पुष्कळ जास्त. कोवळ्या पिल्लांना धोका सर्वांत मोठा, वय वाढेल तशी प्रतिकाराची ताकद वाढते. म्हणून एका पॉझिटिव्ह पट्टीवर निकाल लावायचा नाही. महिना-दीड महिन्याने चाचणी पुन्हा करायची, जमल्यास पीसीआर करायची. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत स्वच्छ म्हटलंय, की केवळ चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून मांजराला मरण देऊ नये. रक्ताचा कर्करोग होतो तो यांतल्या काहींनाच. बाकीची मांजरं जातात ती रक्तक्षयाने आणि प्रतिकारशक्ती ढासळल्यावर येणाऱ्या इतर रोगांनी.

तर रक्त जातं कुठे? वाटा तीनच. बाहेर सांडतं, आतल्या आत फुटतं, नाहीतर मुळात तयारच होत नाही. मांजराची तांबडी पेशी सुमारे ७० दिवस जगते, माणसाची १२०. म्हणजे मज्जेने काम थांबवलं, तर मांजराचा साठा आपल्यापेक्षा लवकर आटतो.

सांडण्याचं आपल्याकडचं सर्वांत साधं कारण पिसवा. पावसाळ्यात अंगावर पिसवांचं रान माजलेलं महिन्या-दीड महिन्याचं पिल्लू नुसत्या पिसवांनी मरू शकतं, त्याला कुठल्या विषाणूची गरज नाही. फुटण्याची कारणं जास्त फसवी. मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस नावाचा सूक्ष्म जंतू तांबड्या पेशींना चिकटून बसतो आणि शरीर त्या पेशींनाच शत्रू समजून फोडत सुटतं. तो पसरवण्याचा संशयही पिसवांवरच आहे. ल्युकेमियाने अशक्त झालेल्या मांजरात हा जंतू फोफावतो. आणि याच्यावर औषध आहे, डॉक्सिसायक्लिन, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं.

फुटण्याची आणखी दोन कारणं थेट आपल्या स्वयंपाकघरातली. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशींना मारक आहे. कच्चाच नव्हे, शिजवलेलाही, वाळवून केलेली पूडसुद्धा. “आमची मनी आमटी-भात आवडीने खाते” हे कौतुक ऐकलं, की मला फोडणीतल्या लसणाच्या पाकळ्या दिसतात. दुसरं पॅरासिटामॉल. ताप उतरायला मांजराला क्रोसिनचा तुकडा देणारी सुशिक्षित घरं मला भेटली आहेत. मांजराच्या यकृताला हे औषध पचवताच येत नाही. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि एका गोळीने धडधाकट मांजर मरू शकतं. यात अर्ध्या गोळीची सवलत नाही.

उरली तिसरी वाट, मज्जा बंद पडण्याची. ल्युकेमियाचा विषाणू बहुतेक वेळा हेच करतो. त्याच्या सी उपगटाची करामत तर वैज्ञानिकांनाही चकित करून गेली. पेशीत तयार झालेलं जास्तीचं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त घटक, बाहेर टाकणारं एक प्रथिन असतं, हा विषाणू नेमका त्याच दारातून आत शिरतो आणि दार निकामी करतो. हीम साठतं, तांबडी पेशी जन्मण्याआधीच मरते. ते प्रथिन माणसातही आहे आणि त्याच्या जनुकाचं अधिकृत नाव आजही एफएलव्हीसीआर-१, म्हणजे मांजराच्या ल्युकेमिया विषाणूच्या सी गटाचा ग्राहक. तुमच्या-माझ्या पेशीत ते नाव चाललेलं आहे.

या तीन वाटांतली कुठली, हे सांगणारी तपासणी फार महाग नाही. रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, मोजायच्या. भरपूर असतील तर मज्जा जिवाच्या आकांताने काम करतेय आणि रक्त दुसरीकडे कुठेतरी जातंय. नसतील तर मज्जाच बसलीय. सोबत काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायचं. हे ‘डोळ्यांनी’ महत्त्वाचं. आपल्याकडे मांजराचं रक्त सर्रास कोपऱ्यावरच्या माणसांच्या लॅबमध्ये जातं. माणसाच्या मापाने बसवलेल्या यंत्राला मांजराची तांबडी पेशी छोटी पडते आणि प्लेटलेट मोठ्या, शिवाय त्यांच्या गुठळ्या होतात. यंत्र एकाला दुसरं समजतं आणि छापील रिपोर्ट मात्र रुबाबदार येतो. प्राण्यांच्या रक्ताची सवय असलेल्या लॅबचा आग्रह धरावा आणि काचपट्टी कुणी पाहिली ते विचारावं. विचारण्यात संकोच कसला?

ठकीच्या रक्तात कोवळ्या पेशी भरपूर निघाल्या. काचपट्टीवर तांबड्या पेशींच्या कडेने बारीक निळसर ठिपके होते. पुढे पीसीआरने शिक्कामोर्तब झालं, मायकोप्लाझ्मा. ल्युकेमियाचा विषाणू होताच, पण त्या दिवशी तिला मारत होता तो दुसराच. फक्त औषधाचा गुण यायला दिवस लागणार होते आणि ११वर तेवढे दिवस निघाले नसते. रक्त चढवणं भाग होतं.

आपल्याकडे मांजरांचं रक्त फ्रीजमध्ये ठेवलेलं सापडत नाही. दाता शोधावा लागतो. मांजरांत ए, बी आणि क्वचित दिसणारा एबी असे गट आहेत, आणि माणसातल्या ओ गटासारखा कुणालाही चालेल असा दाता त्यांच्यात नाही. बी गटाच्या मांजरात ए विरुद्धची कडक प्रतिद्रव्यं आपोआपच तयार होतात, त्यामुळे पहिल्याच वेळी चुकीचं थोडंसं रक्तही जीव घेऊ शकतं. कुत्र्याला पहिल्या वेळी बहुधा चालून जातं, म्हणून “एकदा देऊन बघू” ही कुत्र्यांच्या दवाखान्यातली सवय मांजराच्या बाबतीत घातक. जगभर बहुतेक मांजरं ए गटाची असतात, पण ‘बहुतेक’वर सुई टोचायची नसते.

ठकीसाठी कर्वेनगरहून बंड्या आला. सव्वापाच किलोचा पिवळा बोका, कधी घराबाहेर न पडलेला. त्याला घेऊन आलेला कॉलेजचा मुलगा हातात हेल्मेट धरून दवाखानाभर येरझाऱ्या घालत होता. आधी बंड्याच्या चाचण्या झाल्या, मग दोघांचं रक्त एकत्र करून गुठळ्या होतात का ते पाहिलं, म्हणजे क्रॉसमॅच केला. बंड्याला हलकी गुंगी दिली, गळ्याजवळचे केस काढले, मान ताणून शीर फुगवली. माणसांची साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी इथे उपयोगाची नाही. मोठ्या सिरिंजमध्ये रक्त न गोठण्याचं औषध आधीच भरलेलं. एक जण सुई स्थिर धरून होता, दुसरा दट्ट्या सावकाश मागे ओढत होता, तिसरी मुलगी सिरिंज हलकेच डोलवत होती. जोर केला तर शीर चिकटते. सगळं मिळून ५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या टपरीवरचा अर्धा कटिंग. एवढं रक्त निघेपर्यंत कुणी बोललं नाही. नंतर बंड्याला सलाईन लागलं आणि शुद्धीवर आल्यावर चिकनचं पाऊच. ते त्याने गुंगीतच खाल्लं.

ठकीला ते रक्त गाळणीच्या नळीतून थेंबाथेंबाने गेलं. पहिला अर्धा तास अगदी संथ. दर काही मिनिटांनी ताप, नाडी, श्वास बघायचा, अंगावर गांधी उठतात का, ओकारी येते का ते पाहायचं. संध्याकाळी पीसीव्ही १९ झाला. डॉक्टर काकूंना म्हणाला, “हे उसनं आहे. काही आठवडे पुरेल. तोवर आपल्याला कमवायचंय.”

कमवायचं ते घरी. सगळे जण दवाखान्याच्या गोष्टी सांगतात, पण या आजारातली खरी नोकरी घरातल्या बाईची किंवा बाप्याची असते. काकूंनी शाळेची दोनशे पानी वही काढली आणि रकाने आखले. श्वास, वजन, खाणं, हिरडी, ट्रे. मांजर गाढ झोपलेलं असताना घड्याळ लावून मिनिटाचे श्वास मोजायचे. ३०च्या आत असले तर ठीक, ४०कडे जायला लागले की फोन. वजनासाठी काकूंनी आधी वजाबाकी केली, काट्यावर एकट्या उभ्या राहून आणि मग ठकीला घेऊन. पण पावणेतीन किलोच्या जिवाचे दीडशे ग्रॅम उतरले तर माणसांच्या काट्याला पत्ता लागत नाही, हे गणिताच्या बाईंच्या दोन दिवसांत ध्यानात आलं. मग स्वयंपाकाचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्यावर भाजीची टोपली. ठकी त्या टोपलीत हल्ली आपणहून बसते.

डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी घशात सोडायची नाही. मांजराची अन्ननलिका गोळी अडकवून ठेवते आणि ही गोळी अडकली तर तिथे जखम होऊन नळी आक्रसते. गोळीमागोमाग सिरिंजने थोडं पाणी किंवा घासभर ओलं खाणं. हे औषधाच्या पाकिटावर छापलेलं नसतं. पाणी घालायचं ते तोंडाच्या कडेने, दाढांच्या फटीतून, थोडं थोडं. मुंडी मागे करून ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

खाण्यावरून घरोघर वाद होतात. खजूर, बीट, लोहाचं टॉनिक हे आपले हुकमी एक्के. मांजराला त्यांचा उपयोग नाही, कारण या रक्तक्षयात अडचण सहसा लोहाची नसतेच. एका घरात बीटाचा रस पाजून “हिरड्या गुलाबी झाल्या” म्हणून आनंद झाला होता. गुलाबी झाल्याच होत्या, रसाने. रोज रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून सांधे धरतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या मांजराला कच्चं मांस-मासळी द्यायची नाही आणि खारवलेल्या सुक्या बोंबलांचाही मोह आवरायचा. उकडलेलं चिकन, त्यात मीठ-मसाला काही नाही, किंवा विकतचं ओलं खाणं, कोमट करून. वास आला तर मांजर खातं. दोन दिवस अजिबात खाल्लं नाही, तर मात्र थांबायचं नाही, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि तो नवाच आजार होऊन बसतो. भूक वाढवणारी औषधं आहेत, ती मागावीत.

बाकी पथ्यं साधी. मांजर घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, त्याच्यासाठी आणि बाहेरच्या मांजरांसाठीही. नसबंदी करायची. पिसवांचं औषध महिन्याच्या महिन्याला, पण मांजराचंच. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, दात-हिरड्या बघून घ्यायच्या. आणि दिवाळीत फटाके वाजत असतात. रक्त कमी असलेलं मांजर घाबरून घरभर पळालं, तर त्या पळण्याला लागणारा प्राणवायू त्याच्याकडे नसतो. चार दिवस त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पांघरुणाच्या गुहेत राहू द्या.

ठकीचा पीसीव्ही पुढे २६पर्यंत चढला. ल्युकेमियाची चाचणी पुन्हा केली, ती पुन्हा पॉझिटिव्हच आली. काकूंनी वहीत तेही लिहिलं आणि खाली रेघ मारली.

सगळ्या गोष्टी अशा होत नाहीत. ठाण्यातल्या एका चाळीत सरदार नावाचा बोका होता, गलमिशा असल्यासारखा रुंद तोंडाचा, गल्लीभर मारामाऱ्या करून आलेला. त्याचा आकडा १३ होता, म्हणजे ठकीपेक्षा बरा. पण कोवळ्या पेशी जवळजवळ नव्हत्या आणि होत्या त्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या. मोठ्या पेशी आणि जोडीला बसलेली मज्जा ही ल्युकेमियाची ओळखीची खूण. हाडातून मज्जेचा नमुना काढला, त्यात तांबड्या पेशींचे पूर्वजच दिसेनात. रक्त दिलं, तीन आठवड्यांत उतरलं. पुन्हा दिलं, त्याहून लवकर उतरलं.

डॉक्टरांनी सगळे मार्ग समोर मांडले. इंटरफेरॉन आहे, युरोपात मांजरांसाठीचं खास मिळतं, पण गुण येईलच असं नाही. एचआयव्हीवरचं झिडोव्हुडिन आहे, पण ते स्वतःच तांबड्या पेशी कमी करतं, म्हणजे सरदारला नकोच. एरिथ्रोपोएटिन मज्जेला हाक मारतं, पण हाकेला ओ द्यायला तिथे कुणी असावं लागतं. स्टेरॉइडने काहींना काही काळ बरं वाटतं, ते दिलं होतं. घरातल्या आईने शेवटी विचारलं, “अजून किती टोचायचं त्याला?” डॉक्टरने पुढच्या रक्ताचा आग्रह धरला नाही. सरदार खायचा थांबल्यावर त्याच आठवड्यात डॉक्टर चाळीत आले आणि त्याला त्याच्या जागेवरच इंजेक्शन देऊन झोपवलं.

त्या घराचा निर्णय मला काकूंच्या निर्णयाइतकाच योग्य वाटतो. दोन्ही ठिकाणी आधी विचारलं गेलं, की रक्त गेलं कुठे. एका घरात उत्तर सुटणारं निघालं, एका घरात नाही. पैशाचा प्रश्नही लाजून झाकण्यासारखा नाही. पहिल्या दिवशीच डॉक्टरला सांगावं, आमच्याकडे इतके आहेत, यातले आधी कशावर घालवू? चांगला डॉक्टर त्यातले पहिले पैसे काचपट्टीवर आणि कोवळ्या पेशींच्या मोजणीवर घालवेल. टॉनिकच्या बाटल्यांवर घालवणाऱ्याकडून उठून यावं.

मुळात हा रोग इतर देशांत मागे हटला तो उपचाराने नव्हे, चाचणीने. सत्तरच्या दशकात रक्ताची चाचणी आली, लागण झालेली मांजरं वेगळी ठेवायला सुरुवात झाली, पुढे लस आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या पाहणीत १८,०३८ मांजरांपैकी २.३ टक्के मांजरांत हा विषाणू सापडला. टेक्सासमधल्या ऑस्टिन पेट्स अलाइव्हसारख्या संस्था तर पॉझिटिव्ह मांजरांनाही घरं मिळवून देतात, जिथे दुसरं मांजर नाही किंवा असलंच तर तेही पॉझिटिव्ह आहे अशी. आपल्याकडे ‘मांजराचं इंजेक्शन’ म्हणून नेहमी दिली जाणारी लस तीन रोगांची असते, पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी. ल्युकेमिया त्यात नसतो. पुष्कळांना वाटतं की असतो. लस हाताशी नसेल, तर चाचणी हाच पहारा. घरात एक मांजर असताना पावसातलं दुसरं पिल्लू उचलून आणलंत, तर त्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवा, ताटली वेगळी, ट्रे वेगळा. चाचणी करा, महिन्याने पुन्हा करा. नव्या पाहुण्याची एवढी विचारपूस आपण माणसांच्या बाबतीतही करतोच.

आणि रक्त. जून २०२४ मध्ये रतन टाटांनी समाजमाध्यमावर मुंबईकरांना साद घातली होती, आपल्या मुंबईतल्या प्राणी रुग्णालयात दाखल झालेल्या सात महिन्यांच्या एका कुत्र्यासाठी. गोचिडतापाचा संशय आणि जिवावर बेतलेला रक्तक्षय होता, दाता हवा होता. टाटांना जिथे अशी हाक घालावी लागली, तिथे एरंडवण्यातल्या निवृत्त शिक्षिकेची काय कथा? चेन्नईच्या मद्रास व्हेटर्नरी कॉलेजात कुत्र्यांची रक्तपेढी बरीच वर्षं चालू आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने प्राण्यांचं रक्तदान आणि रक्तपेढ्या यांसाठी मार्गदर्शक नियम काढले. दान ऐच्छिक आणि विनामोबदला असावं, रक्तगट आणि क्रॉसमॅच तपासावा, असं त्यात आहे. कागद चांगला आहे. पण मांजरांच्या बाबतीत अजूनही रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो, “कुणाकडे मोठा बोका आहे का?”

तेव्हा तुमच्याकडे एक ते आठ वर्षांचं, साडेचार किलोच्या वरचं (पण लठ्ठ नव्हे), लसी झालेलं, घरातच राहणारं, स्वभावाने शांत मांजर असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे त्याचा रक्तगट काढून घ्या, ल्युकेमिया, एफआयव्ही (मांजरांमधला एचआयव्हीसारखा विषाणू) आणि मायकोप्लाझ्मा यांच्या चाचण्या करून ठेवा आणि दाता म्हणून त्याचं नाव आणि तुमचा फोन नंबर दवाखान्याच्या वहीत लिहून या.